रस्त्याचा हक आणि पुढे चालणाऱ्याची जबाबदारी



ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत आणि रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही त्यांतील सर्वांत खालची शाखा आहे, ही हदीस मक्तबात जाणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. रस्त्यात पडलेली काटेरी फांदी बाजूला करणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, हा प्रसंगही आपण मुलांना आवडीने सांगतो. मात्र ही शिकवण सांगताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी हाताने उचलता येईल असाच दगड किंवा काटा असतो. आज आपल्या पायांखाली जे धोके आहेत त्यांतील बहुतेक हाताने उचलता येत नाहीत. गटारावरची फुटलेली फरशी, जलवाहिनीसाठी खोदून तसाच सोडलेला पदपथ, दार निखळलेली विजेची पेटी, रस्त्याच्या बाजूला कललेली भिंत. येथे आपण वाकून काहीच करू शकत नाही. मग ही शाखा आपल्यावरून उतरली असे समजायचे काय?

मी तसे समजलो होतो, म्हणून आधी माझीच चूक सांगतो. आमच्या मशिदीतील दहा-बारा ज्येष्ठ मुसल्ली फज्रनंतर पायी फिरायला निघतात. वयाने मी त्यांच्यात सर्वांत लहान; तरी इमाम म्हणून पुढे चालण्याचे काम माझ्याकडे आले. गेल्या पावसाळ्यात वाटेतील एका गटाराची फरशी खचली. तेथे पोहोचलो की मी हात वर करून सांगे, “डावीकडून या.” सगळे डावीकडून येत. महिनाभर हेच चालले. माझ्या गटातील एकाचाही पाय अडखळला नाही आणि याचे मला मनातून समाधानही वाटे.

मग एका संध्याकाळी शेजारच्या वस्तीतील, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी त्या भोकात पडल्या. घोट्याचे हाड मोडले. विचारपूस करायला गेलो तेव्हा पाय प्लास्टरमध्ये होता आणि दोन घरांनी दुसरी बाई ठेवल्याचे कळले. मी सबुरीचे चार शब्द बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मौलाना, तुम्ही तर रोज तिथनंच जाता.” आवाजात राग नव्हता. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रवासाला तिघे निघाले तरी त्यांनी आपल्यातील एकाला अमीर नेमावे, अशी प्रेषित (स.) यांची शिकवण आहे. प्रवासात ते स्वतः काफिल्याच्या मागे राहत, अशक्तांना सोबत घेत, असे हजरत जाबिर (रजि.) सांगतात. यावरून पुढारी आपल्या सोबत्यांबद्दल उत्तरदायी आहे, एवढे मी शिकलो होतो. परंतु रस्ता सोबत्यांचा नसतो. माझ्या मागून चालणारे बारा जण सुखरूप गेले, पण धोका ज्याने पाहिला त्याच्यावर न पाहिलेल्यांचा हक तसाच राहिला.

त्या रात्री मी मदरशातील दिवसांत अभ्यासलेली ‘हिदाया’ पुन्हा उघडली. इमाम मरगीनानी (रह.), ज्यांचे निधन हिजरी 593 मध्ये, म्हणजे इ. स. 1197 मध्ये झाले, त्यांनी या ग्रंथाच्या दियतविषयक भागात झुकलेल्या भिंतीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. विद्यार्थिदशेत हे प्रकरण मला कंटाळवाणे वाटले होते. आता ते आपल्या नगरपरिषदेसाठीच लिहिले आहे की काय, असे वाटते!

प्रश्न असा : एका माणसाने भिंत सरळ बांधली. कालांतराने ती सार्वजनिक रस्त्याकडे झुकली आणि पडून कोणी मेला वा कोणाचे नुकसान झाले. मालक भरपाईस बांधील आहे काय? हनफी फिकहचे उत्तर असे की, ती भिंत पाडण्याची मागणी मालकाकडे आधी कोणी केली असेल आणि पाडण्याइतका अवधी मिळूनही त्याने ती पाडली नसेल, तर तो बांधील आहे. कोणीच सांगितले नसेल तर नाही. म्हणजे एका सामान्य वाटसरूच्या सांगण्याने मालकाची कायदेशीर स्थिती बदलते. कालपर्यंत जो केवळ अपघात ठरला असता, तो आज त्याचा दोष ठरतो. ‘सांगून काय होणार?’ असे आपण सहज म्हणतो; पण फुकहांनी आठशे वर्षांपूर्वी सांगण्याला एवढे वजन दिले आहे.

हे सांगायचे कोणी? इमाम मरगीनानी म्हणतात की, रस्त्यावरून जाण्यायेण्यात सर्व माणसे भागीदार आहेत. म्हणून मागणी करणारा मुस्लिम असो वा मुस्लिमेतर, पुरुष असो वा स्त्री, तिचे वजन सारखेच. त्या मावशींनी सांगितले असते तरी तेवढेच पुरे होते, आणि मी सांगितले असते तरी ते त्यांच्याही वतीने झाले असते.

कोणाला सांगायचे? ज्याच्या हाती भिंत पाडण्याचा अधिकार आहे त्याला. घरात राहणाऱ्या भाडेकरूला सांगून उपयोग नाही, कारण भिंत त्याची नाही. आपण मात्र चहाच्या टपरीवर सांगतो, मित्रमंडळींच्या ग्रुपवर छायाचित्र टाकतो आणि कर्तव्य झाले असे मानतो.

साक्षीदार हवेत काय? येथे ग्रंथकाराने फार बारीक भेद केला आहे. साक्ष ही मूळ अट नाही. मागणी पोहोचणे ही अट आहे. साक्षीदार एवढ्यासाठी की, उद्या मालकाने ‘मला कोणी सांगितलेच नाही’ असे म्हटले तर सिद्ध करता यावे. आजच्या कार्यालयात हे काम आवक-जावक विभागाचा शिक्का करतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेची पोच घेणे, हीच तुमची साक्ष.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भिंत कोणाच्या घराकडे झुकली असेल, तर तो घरमालक शेजाऱ्याला मुदत देऊ शकतो, कारण हक त्याचा आहे. रस्त्याकडे झुकली असेल, तर सांगणाऱ्याने वा खुद्द काजीने दिलेली मुदतही ग्राह्य नाही, कारण हक सर्वांचा आहे आणि तो सोडून देणे या दोघांच्या हाती नाही. ‘जाऊ द्या, आपल्याच माणसाचे दुकान आहे’ हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो यामुळे.

कोकणातील आपले बंधू शाफिई आहेत. त्यांच्या मजहबात सरळ बांधलेली भिंत नंतर झुकून पडल्यास भरपाई नाही, हे मत बळकट मानले जाते. तो भरपाईपुरता मतभेद आहे. रस्त्यातील उपद्रव दूर करण्याच्या कर्तव्याविषयी मतभेद नाही.

कोकणातील काही कुटुंबे आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, म्हणून तेथील व्यवस्थेचा उल्लेख करतो. इंग्लंडमध्ये शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांची अधिकृत नकाशांत नोंद असते. रविवारी गट घेऊन निघणारा म्होरक्या आधी एकटा जाऊन वाट पाहून येतो. मोडलेला लाकडी पूल, कुलूप घातलेले फाटक, वाटेवरच केलेली पेरणी यांची नकाशावरील आकड्यांसह नोंद करतो आणि स्थानिक कौन्सिलला कळवतो. 1980 च्या तेथील महामार्ग कायद्यानुसार वाट अडवली असल्यास कोणीही प्राधिकरणाला रीतसर नोटीस देऊ शकतो आणि दखल न घेतल्यास मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतो. झुकलेल्या भिंतीचाच हा नियम, दुसऱ्या भाषेत.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथ वापरण्याचा हक हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. तुमच्या गल्लीत पावलांनी मोजून पाहा. बहुतेक ठिकाणी दोन पावलेही मोकळी सापडणार नाहीत.

अर्ज कसा लिहावा? ‘रस्त्यांची दुरवस्था झाली आहे’ असे लिहू नका; त्यावर कोणी काय करणार? कोणत्या रस्त्यावर, कोणत्या खांबासमोर, किती लांब-रुंद, कधीपासून, एवढे लिहा आणि दिवसाउजेडी घेतलेले छायाचित्र जोडा. विजेची पेटी असेल तर वीज कंपनीला, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला. उत्तर आले नाही तर त्या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि अर्ज जाईपर्यंत त्या जागी एखादी लाल चिंधी बांधलेली काठी तरी उभी करा.

एक सावधानता. तक्रार वस्तूची असावी, माणसाची नको. जुन्या भांडणाचा सूड उगवण्यासाठी ‘अतिक्रमण’ शोधत फिरणे ही हेरगिरी आहे, आणि कुरआनने तिला मनाई केली आहे. फळांच्या हातगाडीमुळे वाट अडत असेल तर थेट कार्यालयात धाव घेण्याआधी त्या गाडीवाल्याशी बोला. त्याचीही रोजी त्या रस्त्यावर आहे. दोन हात सरकल्याने काम भागत असेल तर अर्जाची गरजच काय?

मला स्वतःला सर्वांत जड गेलेला अर्ज मात्र नगरपरिषदेला दिलेला नव्हता. आमच्या मशिदीचा जनरेटर सात-आठ वर्षांपासून पदपथावर उभा होता. मावशींच्या भेटीनंतर फज्रच्या वाटेवर जे जे दिसले त्याची मी यादी करू लागलो, आणि पहिल्याच सकाळी पहिली नोंद आमच्याच दारात झाली. मी विश्वस्तांना लेखी पत्र दिले. एक बुजुर्ग दुखावले, म्हणाले, “मौलाना, ते अल्लाहच्या घरासाठी आहे, आणि इतक्या वर्षांत कोणी हरकत घेतली नाही.” मी त्यांना आदराने ‘मजल्ला’तील नियम सांगितला. 1869 ते 1876 या काळात उस्मानी राजवटीत हनफी फिकहवर आधारित जी संहिता तयार झाली, तिच्या आरंभीच्या नियमांत आहे की, उपद्रवाला जुनेपणाने मान्यता मिळत नाही. आणि हरकत कोण घेणार होते? ज्यांना तेथून खाली उतरून वाहनांमधून जावे लागे, ते मशिदीच्या दारात भांडायला येणार होते काय? त्या बैठकीत निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीत झाला. वुजूखान्यामागच्या जागेत चौथरा बांधून जनरेटर आत घेतला. खर्चाला त्याच बुजुर्गांनी पहिली रक्कम दिली.

गटाराच्या फरशीचा अर्ज मी मावशींच्या मुलासोबत जाऊन दिला. खाली दोघांच्या सह्या आहेत. एकवीस दिवसांनी नवे झाकण बसले. ते रस्त्यापेक्षा तीन बोटे वर आले आहे आणि अंधारात त्याला ठेच लागते. त्याचा दुसरा अर्ज गेल्या सोमवारी दिला, पोच घेतली आहे.