बेसबॉलमधला ‘हिट’ कोण ठरवतो?

प्रश्न (मुरुम, ता. उमरगा): क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू सुटल्यावर फलंदाजाला कधी हिट मिळतो, कधी मिळत नाही. असे का?

उत्तर: क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी त्यावर काढलेल्या धावा फलंदाजाच्याच नावावर लागतात. बेसबॉलमध्ये तसे नाही. फलंदाज पहिल्या बेसवर स्वतःच्या फटक्यामुळे पोहोचला की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे अधिकृत गुणलेखक ठरवतो. पंचाचा त्यात संबंध नसतो. कसोटी एकच: त्या लीगमधील सरासरी कौशल्याच्या खेळाडूने साधारण प्रयत्नात फलंदाज बाद केला असता का? केला असता, तर ‘एरर’, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. चेंडूने अचानक वेडीवाकडी उसळी घेतली, तर मात्र हिट. मैदान आणि हवामानही विचारात घ्यावे लागते. क्षेत्ररक्षकाने चेंडूला स्पर्शही केला नाही, तरी सोपा चेंडू पायांमधून निसटल्यास एररच. क्षेत्ररक्षक पुढच्या धावकाला बाद करायच्या प्रयत्नात असताना फलंदाज बेसवर पोहोचला, तर सहसा हिट धरत नाहीत. खरोखर शंका असल्यास कौल फलंदाजाच्या बाजूने द्यावा, असे नियमच सांगतो, आणि ते योग्यच आहे. या निर्णयांचे वजन मोठे असते: बेसबॉलपटू जो डिमॅजिओचा 1941 मधील सलग 56 सामन्यांत हिट मिळवण्याचा विक्रम अशाच नोंदींवर उभा आहे.