केमोथेरपीचे अनुभवकथन : अरुची, आवर्तन आणि नित्याचे सुख

१

आजाराच्या अनुभवातून आलेले आत्मपर लेखन हा मराठी गद्याचा एक स्वतंत्र प्रवाह आता मानावा लागतो. डॉ. अरविंद बावडेकर यांचे 'कॅन्सर माझा सांगाती' आणि मूत्रपिंड-प्रत्यारोपणाच्या अनुभवावरील पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी' ही त्यातील सहज आठवणारी नावे. समीक्षा मात्र अशा लेखनापाशी आली की 'प्रेरणादायी', 'मृत्यूशी झुंज', 'जिद्दीची कहाणी' या ठरीव विशेषणांवर थांबते. ही विशेषणे लेखकाच्या धैर्याचा गौरव करतात. लेखनाविषयी काहीच सांगत नाहीत. केमोथेरपीचे दुष्परिणाम आणि नित्याच्या जगण्यातील लहान सुखे यांचा संबंध भाषेच्या व रूपबंधाच्या अंगाने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

केमोथेरपीतील बहुतेक औषधे वेगाने विभाजन पावणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्कपेशी तशा असतात. परंतु अस्थिमज्जा, तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि केसांची मुळे येथील निरोगी पेशीही तशाच असतात. रक्तपेशी घटणे, तोंड येणे, केस गळणे हे परिणाम यातून उद्भवतात. मळमळ, चवीतील बदल, हातापायांची बधिरता आणि विश्रांतीने न जाणारा थकवा यांची त्यात भर पडते. या उपचारपद्धतीचा एक प्रारंभबिंदू युद्धाशी जोडलेला आहे. मस्टर्ड वायूशी नाते असलेल्या नायट्रोजन मस्टर्डचा रुग्णावरील प्रयोग १९४२ मध्ये येल विद्यापीठात झाला. युद्धाची भाषा या उपचाराला जन्मापासून चिकटली, ती अशी.

सुझन सॉन्टॅग यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' (१९७८) या ग्रंथात याच भाषेची चिकित्सा केली. स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेलेल्या असूनही त्यांनी ग्रंथात स्वतःचा अनुभव सांगितला नाही. रूपकांनी रोगाभोवती भय आणि लाज यांचे वेष्टन चढते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. या पार्श्वभूमीवर 'सांगाती' हा शब्द लक्षणीय ठरतो. संतसाहित्यातून आलेला हा शब्द शत्रूला सोबती करतो. रूपक टळत नाही, पण रणांगणाऐवजी वाट येते. आणि वाटेवर जेवणखाण, विसावा, गप्पा यांना जागा असते. रणांगणावर ती नसते.

३

आजारासाठी भाषेत शब्द अपुरे पडतात, अशी तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधील 'ऑन बीइंग इल' या निबंधात इंग्रजीविषयी केली होती. मराठीच्या बाबतीत ती तशीच्या तशी लागू पडत नाही. कणकण, ठणका, कळ, भोवळ, ग्लानी, ढवळणे, हुळहुळणे, मुंग्या येणे अशी सूक्ष्म भेद करणारी शब्दसंपत्ती बोलीत सहज उपलब्ध आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, मराठीत भुकेचा शब्द इच्छेचाही शब्द आहे. 'अन्नावरची वासना उडाली' असे घरातले माणूस म्हणते, तेव्हा ते केवळ पचनाविषयी बोलत नसते. 'तोंडाला चव नाही' आणि 'जगण्यात चव नाही' या दोन वाक्यांत एका शब्दाचेच अंतर आहे. दुष्परिणाम आणि सुख हे दोन वेगळे विषय आहेत, असे ही भाषा मुळातच मानत नाही.

येथे काव्यशास्त्राचेही स्मरण होते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची संकल्पना अन्नाच्या आस्वादाच्या दृष्टांताने स्पष्ट केली आहे : नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणारा सुमनस पुरुष जसा रस चाखतो, तसा प्रेक्षक. केमोथेरपी घेणाऱ्या व्यक्तीबाबत या दृष्टांताचा आधारच डळमळतो. पाण्यालाही धातूची चव येते. ज्या फोडणीच्या वासाने भूक चाळवत असे, त्याच वासाने पोटात ढवळते. चिन्ह तेच, अर्थ उलटा. अशा वेळी गार दहीभाताचा एक घास गोड लागला, ही नोंद किरकोळ तपशील राहत नाही. आस्वादाची हरवलेली क्षमता क्षणभर परत आल्याची ती खूण असते. अशा नोंदीला 'पाल्हाळ' म्हणणारा वाचक कथनाचा गाभाच वगळतो.

४

केस गळण्याच्या प्रसंगालाही मराठी कथनात एक सांस्कृतिक पडसाद आहे. वैद्यकाच्या दृष्टीने हा परिणाम बहुधा तात्पुरता. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस पुन्हा येतात. परंतु महाराष्ट्रातील उच्चवर्णीय समाजात स्त्रीच्या मुंडनाला केशवपनाचा इतिहास आहे, आणि ह. ना. आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' मधील यमूच्या शोकांतिकेने तो वाङ्मयीन स्मृतीत पक्का केला आहे. म्हणून उपचार घेणाऱ्या स्त्रीने कुंकू लावणे, आवडीचे लुगडे नेसणे, आरशासमोर बसणे या नित्याच्या कृतींना कथनात दुहेरी अर्थ येतो. जुन्या चिन्हव्यवस्थेने लादलेला अर्थ त्या नाकारतात. मात्र ही संवेदना सर्व जातिवर्गांत सारखीच असेल असे गृहीत धरणे चुकीचे होईल. लेखिका कोणत्या सामाजिक स्तरातून लिहिते, हे अभ्यासकाने प्रथम पाहिले पाहिजे.

५

रूपबंधाचा प्रश्न काळाशी निगडित आहे. आर्थर फ्रँक यांनी 'द वुंडेड स्टोरीटेलर' (१९९५) या ग्रंथात रुग्णकथनांचे तीन प्रकार सांगितले : पूर्वस्थितीला परत नेणारे, अनागोंदीचे आणि शोधाचे. पहिल्या व तिसऱ्या प्रकारांची गती पुढे जाणारी आहे. केमोथेरपीचा काळ मात्र आवर्तनाचा असतो. औषधे ठरावीक अंतराने, पुष्कळदा तीन आठवड्यांनी, दिली जातात. पहिले काही दिवस मळमळीचे; साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा गर्दी आणि कच्चे अन्न टाळावयाचे; मग थोडी उभारी येते, आणि ती येते न येते तोच पुढचा डोस.

या तिसऱ्या आठवड्यात कथनातील बहुतेक सुखे दाटलेली असतात : शेजारी जाऊन घेतलेला चहा, चार पाने सलग वाचणे, नातवंडांबरोबर पत्त्यांचा डाव. ही सुखे दुःखाच्या शेवटी मिळणारे फळ नव्हेत. ती पुढच्या डोसाच्या छायेत, मुदतीनिशी उपभोगली जातात. त्यामुळे आरंभ-मध्य-अंत असा चढता आलेख असणाऱ्या आत्मचरित्रापेक्षा रोजनिशी आणि पत्र हे रूपबंध या अनुभवाला अधिक मानवतात. पुनरुक्ती हा अशा लेखनाचा दोष नसून त्याची लय आहे.

६

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सुखाची नोंद हे रुग्णाचे कर्तव्य होऊ नये. ऑड्रे लॉर्ड यांनी 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) मध्ये शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन लावून 'पूर्ववत' दिसण्याची अपेक्षा नाकारली; बार्बरा एरनराइक यांनी २००१ मधील लेखात स्तनकर्करोगाभोवतीच्या सक्तीच्या आनंदीपणावर टीका केली. 'हसत सामोरे जा' हा उपदेश ज्याला हसता येत नाही त्याला एकटे पाडतो. फ्रँक यांच्या दुसऱ्या प्रकारातील तुटक, विस्कळित कथनही म्हणूनच तितक्याच आदराने वाचले पाहिजे.

सारांश, केमोथेरपीच्या अनुभवकथनाचे मूल्यमापन धैर्याच्या मापाने करता येत नाही. लेखकाने आपल्या बोलीतील वेदनेचे शब्द किती नेमके वापरले, आवर्तनाचा काळ रूपबंधात कसा उतरवला, आणि अरुची व आस्वाद एकाच वाक्यात धरता आले का, हे प्रश्न विचारावे लागतील. दहीभाताच्या एका घासाचे वर्णन ज्या समीक्षेला वाचता येत नाही, तिला त्या लेखनातील मृत्यूचे भानही पुरते वाचता येणार नाही.