पेट्रोल पंप, टाकं आणि इक्वल्स

पंप, देऊळ, औषधाचं दुकान, गडावरचं टाकं. नकाशावरच्या ठिकाणांचे प्रकार कोडमध्ये मांडायचं काम सुरुवातीला फारच किरकोळ वाटतं. ट्रेकर्ससाठी ऑफलाइन नकाशे करताना कळलेल्या या काही गोष्टी, मुख्यतः जावा लिहिणाऱ्यांसाठी.

१. प्रकारासाठी स्वतंत्र क्लास करा, नुसती स्ट्रिंग फिरवू नका. गार्मिनच्या नकाशांत पेट्रोल पंपाचा हेक्स कोड २एफ०१ आहे : २एफ मुख्य प्रकार, ०१ उपप्रकार. त्यातला 'एफ' कुणी कॅपिटल लिहितं, कुणी स्मॉल. स्ट्रिंगच्या हिशेबात ते दोन वेगळे प्रकार होतात. कन्स्ट्रक्टरमध्येच आकडा करून घ्या आणि फील्ड फायनल ठेवा.

२. 'हा तोच का?' आणि 'हा त्यात मोडतो का?' हे दोन निराळे प्रश्न आहेत. सगळ्यात जास्त डोकेदुखी इथेच. 'पाणी' शोधणाऱ्याला टाकं, झरा, विहीर सगळं दिसायला हवं, म्हणून उपप्रकार रिकामा असेल तर इक्वल्सने होकार द्यावा असा मोह होतो. मग टाकं म्हणजे पाणी, पाणी म्हणजे विहीर, पण टाकं म्हणजे विहीर नाही! इक्वल्सच्या कराराला हे चालत नाही. शिवाय समान वस्तूंचा हॅशकोड समान असावा लागतो. त्यात उपप्रकार मिसळलेला असेल, तर हॅशमॅपमध्ये ठेवलेलं टाकं 'पाणी' म्हणून मागितल्यावर सहसा सापडतच नाही. असा बग पकडताना अख्खा आठवडा जाऊ शकतो. इक्वल्स काटेकोर ठेवा, आणि 'मोडतो का' यासाठी वेगळी मेथड लिहा. ती एकाच दिशेने खरी असते : टाकं पाण्यात मोडतं, पाणी टाक्यात नाही.

३. ट्रीसेट इक्वल्सला विचारतच नाही, तो कंपेअरटूवर चालतो. तिथे फक्त मुख्य प्रकार ताडून शून्य परत दिलंत, तर दुसरा उपप्रकार गुपचूप गाळला जातो. यादी मराठी अकारविल्हे हवी असेल, तर तो क्रम क्लासबाहेर कोलेटरने लावा.

४. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आकडे नाहीत, टॅग आहेत, आणि नवा टॅग कुणीही लिहू शकतं. त्यामुळे एनम पुरत नाही. अनोळखी प्रकार 'इतर'मध्ये ढकलू नका, आला तसा जपा. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, यासाठी तिथे वेगळा टॅग आहे. तोही प्रकारात कोंबू नका. मे महिन्यात पाणी खराब झालं तरी टाकं टाकंच राहतं.

५. टॅगची अक्षरं स्मॉल करताना लोकेल रूट द्या. तुर्की सेटिंगच्या फोनवर कॅपिटल 'आय'चा बिनटिंबाचा 'आय' होतो, आणि तेवढ्यावरून तुलना फसते.