पडद्यावरची अक्षरे आणि आपली चाळिशी

बऱ्हाणपुरात, त्यातही आमच्या राजपुऱ्यात, मराठी डॉक्टरांच्या घरी येणारा लॅपटॉप पुष्कळदा पुण्याहून अथवा परदेशातून मुलामुलींनी पाठविलेला असतो. यंत्र उत्तम असते, पण ते सुरू करताच अक्षरे मुंगीएवढी दिसतात. मग ज्येष्ठ सहकारी पडद्याचे रिझोल्यूशन कमी करतात. अक्षरे मोठी होतात, त्यांच्या कडा मात्र पुसट होतात, आणि महिन्याभरात ‘डोळे फार शिणतात हो’ अशी तक्रार माझ्याकडे येते. नेत्रवैद्य या नात्याने ही तक्रार वारंवार ऐकल्यामुळे तिच्यामागील कारणमीमांसा स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवणे मला उचित वाटते.

लॅपटॉपचा पडदा म्हणजे ठरावीक संख्येच्या बिंदूंचे, अर्थात पिक्सलांचे, विणलेले कापडच होय. यंत्रमागांच्या या गावात ही उपमा सहज पटावी. एका इंचात धागे किती, हे कापड विणतानाच ठरते. पुढे ते बदलत नाही. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरवर इलेक्ट्रॉनांचा झोत चित्र रेखाटीत असे, त्यामुळे तेथे रिझोल्यूशन बदलले तरी फारसे बिघडत नसे. आजच्या सपाट पडद्यावर तसे नाही. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर १३६६ × ७६८ चे चित्र पसरावयाचे झाले, तर चित्रातील एका बिंदूच्या वाट्याला पडद्यावरील सुमारे १.४ बिंदू येतात. बिंदूचे तुकडे पडत नाहीत. म्हणून संगणक शेजारच्या बिंदूंना सरासरी छटा देतो, आणि काळ्या रेषेच्या कडेला करडी सावली उमटते.

रोमन अक्षरे ही सावली काही प्रमाणात सोसतात. देवनागरीला ती सोसवत नाही. ‘ब’ आणि ‘व’ यांत एका तिरक्या रेघेचा फरक, ‘घ’ आणि ‘ध’ यांत शिरोरेषेच्या एवढ्याशा खंडाचा. वर अनुस्वार व वेलांटी, खाली उकार. एका ओळीच्या उंचीत आपली लिपी जेवढे सामावते, त्याला बिंदूही अधिक लागतात. वैद्यकात तर दशांशचिन्हाचा प्रश्न याहून गंभीर आहे. लिव्होथायरॉक्सिनची गोळी १२.५ मायक्रोग्रॅमची मिळते, तशी १२५ चीही. वृद्ध हृदयरुग्णाच्या कागदावरील ते एक टिंब करड्या सावलीत विरले, तर मात्रा दहापट वाचली जाईल.

आता थोडे गणित. स्नेलन यांनी १८६२ साली दृष्टितक्ता सिद्ध केला. त्यातील ६/६ चे अक्षर डोळ्याशी पाच मिनिटांचा कोन करते आणि त्याचा प्रत्येक अवयव एका मिनिटाचा असतो. लॅपटॉप आपण साधारण ५५ सेंटिमीटरवर ठेवतो. त्या अंतरावर एक मिनिट म्हणजे ०.१६ मिलिमीटर, तर ६/६ चे अक्षर ०.८ मिलिमीटरचे. परंतु वाचता येणे निराळे आणि तासभर सुखाने वाचणे निराळे. त्यासाठी अक्षर दोन-तीनपट मोठे, म्हणजे सुमारे २.४ मिलिमीटरचे हवे. १५.६ इंची पडद्यावर १३६६ × ७६८ बिंदू असतील, तर तेवढ्या उंचीत नऊ-दहा बिंदू मावतात. १९२० × १०८० असतील, तर तेरा. जोडाक्षरांच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ३८४० × २१६० च्या पडद्यावर ते सव्वीसच्या घरात जातात, पण तेथे एकेक बिंदू ०.०९ मिलिमीटरचा असल्याने आपल्या अंतरावर डोळ्याला त्याचा पुरता लाभ होत नाही. बॅटरी मात्र लवकर उतरते. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या डॉक्टराने त्यासाठी जादा पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

तेव्हा उपाय असा, की रिझोल्यूशनला हात लावू नये. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ज्या आकड्यापुढे ‘रिकमेंडेड’ असे लिहिलेले असते, तोच ठेवावा आणि तेथेच असलेले ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के करावे. यात चित्र ताणले जात नाही; तेच अक्षर अधिक बिंदू वापरून नव्याने रेखाटले जाते. काही जुनी सॉफ्टवेअरे हे मानीत नाहीत व तरीही अंधुकच दिसतात. पॅथॉलॉजीच्या अहवालाचे एखादे सॉफ्टवेअर असे निघाले, तर अहवाल छापूनच वाचलेला बरा.

एवढे करूनही त्रास राहिला, तर दोष बहुधा चष्म्याचा असतो. पन्नाशीनंतर आपली चाळिशी पुस्तकासाठी, म्हणजे ३५-४० सेंटिमीटरसाठी दिलेली असते. समजा, जवळचा नंबर २.२५ आहे, डोळ्याची स्वतःची जुळवणूक संपत आली असेल, तर ४४ सेंटिमीटरपलीकडचे धूसर दिसणारच. पडदा तर ५५ वर! मग मनुष्य पुढे वाकतो. बायफोकल असेल, तर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतो आणि मानदुखी घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो. अशांना लॅपटॉपच्या अंतरासाठी कमी नंबरचा स्वतंत्र चष्मा द्यावा. त्यात पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्यावर येते, आणि आपल्याकडील एप्रिल-मेची कोरडी हवा तर सर्वांच्या परिचयाची आहे. त्या दिवसांत कूलरचा झोत चेहऱ्यावर घेऊन पडद्यापुढे बसू नये.

क्ष-किरण चित्रांविषयी एक सावधगिरीची सूचना. २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यापासून चित्रे लॅपटॉपवर पाहण्याचा प्रघात वाढला आहे. छातीच्या डिजिटल चित्रात पन्नास लाखांच्या आसपास बिंदू असू शकतात, आणि १९२० × १०८० च्या पडद्यावर जेमतेम वीस लाख. संपूर्ण चित्र एकदम दिसते, तेव्हा निम्म्याहून अधिक तपशील गाळलेला असतो. बारीक न्यूमोथोरॅक्सची कड त्यातच हरवू शकते. म्हणून चित्र शंभर टक्के आकारात आणून तुकड्यातुकड्याने पाहावे, आणि अंतिम निदान क्ष-किरणतज्ज्ञाच्या खास पडद्यावरच सोडावे.

नवा लॅपटॉप घ्यावयाचा असल्यास दुकानात आपला नेहमीचा चष्मा घेऊन जावे. पडदा हातभर अंतरावर ठेवून स्वतःच्याच रुग्णाची, नाव झाकलेली, मराठी सूचनापत्रिका त्यावर उघडावी. मान न हलवता त्यातील अनुस्वार आणि दशांशचिन्हे वाचता येतात का, ते पाहावे. चकचकीत पडदा असेल, तर मागच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते की नाही, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.