हेल्प : शब्द एक, अर्थ अनेक

मित्रांनो, ‘हेल्प’ म्हणजे मदत करणे, हे आपल्या सर्वांचे पाठ आहे. पण तेवढ्याने भागत नाही. मी वहीत लिहिलेली ही चार वाक्ये पाहा.

१) हेल्प युअर मदर – आईला मदत कर. आपण ‘आईला’ म्हणतो, पण इंग्रजीत मध्ये ‘टू’ घालायचा नाही.

२) हेल्प युअरसेल्फ – हवं ते वाढून घ्या. हे जेवताना पाहुण्यांना म्हणतात.

३) आय कान्ट हेल्प लाफिंग – मला हसू आवरत नाही. इथे मदतीचा संबंधच नाही!

४) हेल्प! हेल्प! – धावा! वाचवा!

आपल्या शेतकऱ्यांकडेही मदतीचे वेगवेगळे शब्द आहेत. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, ती सावड. पूर्वी गावकरी आपापले बैल आणून एकाचे रान नांगरून देत आणि तो सर्वांना जेवण घाली, ते इर्जिक.

चौथे वाक्य मात्र विसरू नका. ‘हेल्पलाइन’मधला हेल्प तोच. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. त्या फोनला पैसे पडत नाहीत. पालकांनो, हा नंबर मुलांकडून आजच पाठ करून घ्या.

– इयत्ता चौथी, केडगाव