देवराई : लोकवाणीने राखलेले वन

१

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील अनेक गावांत ग्रामदेवतेच्या नावाने राखलेला, कुऱ्हाडीपासून दूर ठेवलेला झाडीचा एखादा तुकडा आढळतो. मावळ, मुळशी, भोर या भागांत त्यास ‘देवराई’ म्हणतात, दक्षिण कोकणात ‘देवरहाटी’ वा नुसते ‘रहाटी’, गोमंतकात ‘देवराय’. ही संस्था एकट्या मराठी मुलुखाची नव्हे. कोडगूतील ‘देवरकाडु’, केरळातील ‘काव’, तमिळ प्रदेशातील ‘कोविलकाडु’, राजस्थानातील ‘ओरण’ आणि छोटानागपूरचा ‘सरना’ ही तिचीच भावंडे होत. म्हैसूर जिल्ह्यातील सोसले ज्या कावेरीच्या काठी वसले आहे, ती कावेरी कोडगूत उगम पावते आणि तिच्या त्या माहेरच्या डोंगरांत देवरकाडूंची परंपरा आजही जिवंत आहे.

मराठीतील क्रियापदांकडे लक्ष दिले असता या संस्थेचे स्वरूप उलगडू लागते. आमराई ‘लावतात’, देवराई ‘राखतात’. आमराईत मनुष्याचे कर्तृत्व लावण्यात आहे, देवराईत ते न तोडण्यात आहे. ‘राखणे’ या धातूपासूनच ‘राखण’ आणि ‘राखणदार’ हे शब्द आले. कोकणात राखणदार म्हणजे शेताची राखण करणारा माणूस, आणि गावाच्या सीमेवर वा रहाटीत वावरणारी अदृश्य शक्तीही. एकाच शब्दात लौकिक आणि अलौकिक अशी दोन्ही कामे सामावली आहेत, हा योगायोग मानता येत नाही.

२

देवराईला भिंत नसते. बहुधा कुंपणही नसते. तिची मर्यादा आणि तिचे नियम बोलण्यातून टिकतात. एखादे झाड वा फांदी तोडण्याची निकड भासली, तर मानकऱ्यांच्या उपस्थितीत देवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते आणि कौल लावला जातो. मूर्तीस लावलेली पाकळी वा तांदूळ कोणत्या अंगाने पडतो, यावर अनुज्ञा ठरते. काही रायांत पडलेले पानही उचलावयाचे नाही असा दंडक आहे. अन्यत्र वाळले लाकूड देवळाच्या वा गावजेवणाच्या कामी चालते; औषधी साल वा मूळ नेण्यास बहुधा आडकाठी नसते. नियम गावागणिक बदलतो, परंतु एक तत्त्व समान राहते : जे न्यावयाचे ते सर्वांसमक्ष विचारून, आणि सर्वांच्या कामासाठी.

नियमभंगाच्या कथाही अशाच गावोगावी ऐकू येतात. कुऱ्हाड घालताच खोडातून रक्त वाहिले, तोडणाऱ्याची दृष्टी गेली, त्याची गुरे दगावली, अशी त्यांची कथानके असतात. लोकसाहित्याचा अभ्यासक त्यांना दंतकथा म्हणून वर्गवारीत बसवितो. तथापि त्यांची घडण पाहिली असता त्या निवाड्याच्या दाखल्यासारख्या वाटतात. अपराध कोणता, तो कोणी केला, शिक्षा काय झाली आणि भरपाई कशी करावी लागली, हे चारही घटक त्यांत क्रमाने येतात. अपराधी पुष्कळदा परका ठेकेदार असतो, पण कधीकधी गावातलाच बलिष्ठ मानकरीही असतो. म्हणजे कथेचा धाक बाहेरच्यापुरता नसून गावातील सत्तेलाही लागू आहे. ज्या समाजाने कागद लिहिला नाही, त्याचा कायदा अशा कथांतून पिढ्यानुपिढ्या वाचला जात होता.

लेखी परंपरेतही याचा एक पडसाद सापडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना आंबा-फणसाची झाडे रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत, कारण रयतेने ती मुलांसारखी वाढविलेली असतात, असा आशय आहे. तेथे विषय लावलेल्या झाडांचा आहे, देवरायांचा नव्हे. परंतु लाकडाची गरज राज्याची असली तरी झाडावर लोकांचे ममत्व आणि म्हणून हक्क असतो, ही जाणीव दोन्हीकडे एकच आहे.

३

फ्रान्सिस बुकॅनन याने १८००-०१ मध्ये म्हैसूर, कानडा आणि मलबार प्रांतांतून प्रवास केला. त्याचा वृत्तान्त १८०७ मध्ये प्रसिद्ध झाला. कानडा प्रांतातील वने ग्रामदेवतांची मालमत्ता समजली जातात आणि गावप्रमुखाच्या, जो देवतेचा पुजारीही असे, अनुज्ञेवाचून झाड तोडता येत नाही, हे त्याने नोंदविले. सरकारला त्या जमिनीवर हक्क सांगता येऊ नये यासाठी रचलेली ही युक्ती असावी, असा तर्कही त्याने केला. त्याच्या तर्कात संशय अधिक आणि सहानुभूती कमी आहे. तरी त्याने नकळत मर्म हेरले. देवतेचे नाव घेणे हा मालकी सांगण्याचाच एक प्रकार होता.

पुढे १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांच्या काळात वनजमिनीची वर्गवारी झाली. अनेक देवराया सरकारी वा महसुली जमीन म्हणून नोंदल्या गेल्या. उताऱ्यावर क्षेत्र आले, आकार आला. देवतेचे नाव आणि गावाचा नियम मात्र पुष्कळ ठिकाणी आला नाही. लोकांच्या वाणीतील वन आणि दप्तरातील वन अशी फारकत झाली.

या फारकतीचे परिणाम १९७० नंतरच्या दशकात स्पष्ट दिसू लागले. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिस्थितिविज्ञ माधव गाडगीळ यांनी त्या काळात पश्चिम घाटातील देवरायांची पद्धतशीर पाहणी केली आणि महाराष्ट्रातील दोनशेहून अधिक रायांची सूची सिद्ध केली. याच सुमारास श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची देवराई तोडीसाठी आखली गेली. या संशोधकांचे काम ऐकून ग्रामस्थांनी त्यांना मदतीसाठी पत्र लिहिले. आसपासचे डोंगर उघडे पडले असता गावाचे पाणी राईतील ओढ्यावर अवलंबून होते. अखेर ती तोड टळली. देवीचा कोप आणि ओढ्याचे आटणे हे गावाच्या दृष्टीने दोन निराळे प्रश्न नव्हते. शास्त्रज्ञांच्या भाषेत मात्र ते प्रथमच एकत्र मांडले गेले.

अशा राखणीतून काय उरले, याची साक्ष वनस्पती देतात. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील ‘निरंकाराची राय’ ही रानटी जायफळाच्या दलदलीचे दुर्मिळ वन सांभाळून आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथील अशाच वनास महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्याचे क्षेत्र अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास आहे.

४

देवराईचे गुणगान करताना तिच्या दुसऱ्या बाजूकडे डोळेझाक करून चालत नाही. काही रायांत स्त्रियांना प्रवेश नाही. मानपानाची उतरंड जातीनुसार ठरलेली आहे. दा. ध. कोसंबी यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मावळातील मातृदेवतांच्या स्थानांचा मागोवा घेऊन त्यांची मुळे कृषिपूर्व समाजात शोधली. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त (१९७८) वारुळाच्या रूपाने पुजल्या जाणाऱ्या सांतेरीचा भूमातेशी असलेला संबंध विशद केला. या अभ्यासांवरून दिसते की वारूळ, शिळा, झाड आणि झरा हेच देवतेचे मूळ देह होते. देऊळ नंतर आले.

आज धोका येथेच आहे. काळकाई वा वाघजाई ही त्या विशिष्ट राईची देवी असते. तिचे नाव काढले की ती जागा डोळ्यांपुढे येते. तिला कालिका वा दुर्गा म्हटले की ती सर्वत्रची होते आणि तिचे राईशी असलेले नाते सैल पडते. उघड्यावरच्या तांदळ्याच्या जागी मूर्ती येते, मूर्तीसाठी मंडप येतो आणि जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतीलच वृक्ष विकले गेल्याची उदाहरणे घडतात. श्रद्धा घटल्यामुळे वन गेले, असे सरसकट विधान म्हणूनच अपुरे आहे. श्रद्धा वाढूनही वन जाऊ शकते. कारण तिचा आश्रय झाडावरून इमारतीकडे सरकलेला असतो. कोडगूत १९०५ ते १९८५ या काळात देवरकाडूंचे क्षेत्र निम्म्याहून कमी झाले. तेथे लागवडीचे आक्रमण हे कारण मोठे होते.

५

या पार्श्वभूमीवर वाङ्मयाच्या अभ्यासकाचे कार्य कोणते, हा प्रश्न औपचारिक राहत नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला. त्याखालील नियमांनी हक्काचा पुरावा म्हणून गावातील वडीलधाऱ्यांची लेखी नोंदविलेली निवेदने, तसेच पवित्र वृक्ष आणि राया यांसारख्या खुणा ग्राह्य धरल्या. वनजमिनीवरील राईबाबत आदिवासी आणि अन्य पारंपरिक वननिवासी यांना त्यांचा आधार घेता येतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील ओरणांची पाहणी आणि नोंद करण्याचा आदेश दिला आणि देशभरातील अशा वनांसाठी धोरण आखण्याची शिफारस केली. म्हणजे वृद्धेच्या तोंडची कथा आता कायद्याच्या दृष्टीनेही साक्ष ठरू शकते.

लोककथांचे आजवरचे संकलन बहुधा कथानकापुरते झाले आहे. स्थळ, सीमा, नियम, अपवाद, झाडांची स्थानिक नावे, गाऱ्हाण्याचे शब्द आणि ते कोण म्हणतो, हा तपशील ‘प्रास्ताविक’ समजून वगळला जातो. देवराईच्या बाबतीत नेमका हाच तपशील साक्षीचा गाभा आहे. कथा ऐकताना ‘मग काय झाले’ या प्रश्नाबरोबर ‘कोठल्या झाडापासून कोठल्या ओहोळापर्यंत’ हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. गाऱ्हाणे घालणारी पिढी थकत चालली आहे. तिच्या मुखातून जे उतरवून घेतले जाणार नाही, ते झाड उभे असतानाच निराधार होईल.