जुन्या बुलेटचे रबर : माल ओळखा, मगच बसवा

मद्रासमध्ये १९५५ साली एनफिल्ड बुलेटचे काम सुरू झाले. त्या जुन्या घडणीच्या, कास्ट आयर्न इंजिनच्या गाड्या आजही आपल्या कित्येक घरांत उभ्या आहेत. अशा गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या कामाला आता बरी मागणी आहे आणि आपले अनेक मिस्त्री त्यावर घर चालवतात. या कामात लोखंडाकडे सर्वांचे लक्ष जाते, रबराकडे कोणाचे जात नाही. नवे काम परत येते ते मात्र बहुधा रबरामुळेच.

रबर का मरते?

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी गंधक मिसळून ते तापवले, तेव्हा त्यात टिकाऊ लवचिकपणा आला. पण हा लवचिकपणा कायमचा नसतो. ऊन, इंजिनची उष्णता आणि हवेतला ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते, त्याला भेगा पडतात. गाडी चालली नाही तरी हे होतच राहते. कपड्याच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. दोन-तीन उन्हाळे गोदामात पडलेले इलॅस्टिक दिसायला नवेच असते, पण ओढले की परत येत नाही.

कोणत्या जागी कोणते रबर?

सर्व काळे रबर एकच, हा समज नुकसानीचा आहे. नैसर्गिक रबर धक्का चांगला सोसते, म्हणून फूटरेस्ट, किक आणि हबसाठी ते योग्य. पण पेट्रोल-तेल लागले की ते फुगते. तेल लागणाऱ्या जागी, म्हणजे ऑइल सीलला, नायट्राइल रबर हवे. पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरच्या ओ-रिंगबद्दल आता जास्त सावध राहावे लागते. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या काळचे पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल सोसणारा पाइप मागून घ्यावा. जुना पाइप बोटावर वाकवून पाहावा. बारीक भेग दिसली तर त्याच दिवशी बदलावा. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकणे म्हणजे आगीला बोलावणे.

हबचे रबर

मागच्या चाकाच्या हबमध्ये ड्रम आणि चाक यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. इंजिनचा झटका ते स्वतः सोसतात, म्हणून चेन आणि गिअर वाचतात. ते झिजले की गाडी गिअरमध्ये टाकताना मागून ‘खट्’ आवाज येतो. तपासणी सोपी आहे.

१. गाडी मधल्या स्टँडवर उभी करा. एकाने मागचा ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने चाक पुढे-मागे हलवावे. टायरच्या कडेला अर्धा ते एक इंच किंवा अधिक ढिलाई दिसली तर रबर बदला.

२. चाक काढून ड्रम हबपासून सुटा करा. ठोकळे कसे बसले होते ते आधी पाहून ठेवा.

३. ड्रममधली धूळ फुंकरीने किंवा हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके टाकून द्या.

४. लोखंडी पाती गंजली असतील तर पॉलिश पेपरने साफ करा. खरबरीत कड नवे रबर कापते.

५. नवे ठोकळे घट्ट जातात. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगून खराब होते. साबणाचे पाणी लावा.

६. चाक बसवल्यावर चाकाची सरळ रेषा, चेनचा ताण आणि ब्रेक पुन्हा तपासा. मगच गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्या.

पुढच्या फोर्कचे सील

सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी आणि ओठाला आधी थोडे तेल लावावे. फोर्कच्या नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही टिकणार नाही. आधी नळीचे काम करा, आणि गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा.

जुन्या पाकिटाचा मोह

बाजारात जुने, सीलबंद, ‘ओरिजिनल’ म्हणून पाकीट मिळते. माझ्या वडिलांच्या बुलेटसाठी मी असेच सील जास्त पैसे देऊन घेतले. दोन महिन्यांत तेल गळू लागले. पाकीट खरे होते, पण आतले रबर वर्षानुवर्षे पडून मेलेले होते. दुकानदाराचा राग आला, आणि त्याच वेळी माझी स्वतःची गोष्ट आठवली. एका ईदच्या आधी मी गोदामातले जुने इलॅस्टिक एका शिंपी बांधवाला नव्या भावाने दिले होते. त्याने चाळीस पायजमे शिवले आणि सगळे परत आले. मी इलॅस्टिकचे पैसे परत केले, पण त्याची मजुरी आणि त्याचे गिऱ्हाईक मी परत आणू शकलो नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आपल्यालाही हाच धडा आहे. जुने रबर विकणे गुन्हा नाही, त्याचा ऐब लपवणे गुन्हा आहे. मिस्त्री बांधवांनी सुटा भाग घेताना तो वाकवून, दाबून पाहावा. दुकानदारांनी माल किती जुना आहे ते आपणहून सांगावे. नफा थोडा कमी होईल, पण गिऱ्हाईक टिकेल आणि इन्शाअल्लाह कमाईत बरकत राहील.